पोळ्या लाटताना बोललेलं

महागाव, ७ सप्टेंबर २०२५

दीपाताई,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. जयभीम तेवढा ठेवतो. तो तुझ्या-माझ्या भांडणापेक्षा मोठा आहे.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. फोनवर मी अडखळतो आणि तू माझी वाक्यं पुरी करतेस. लहानपणापासूनची सवय तुझी. या वेळी माझी वाक्यं मलाच पुरी करायची आहेत.

परवा तुझा मेसेज आला, "अरे, पण मी नाव कुठे घेतलं?" खरं आहे, घेतलं नाहीस. तुझा लेख मी आधी इंग्रजीत वाचला, मग रविवारच्या पुरवणीत मराठीत. स्थलांतरित मजुरांचं आरोग्य, ऑटिझम असलेल्या मुलांची कुटुंबं, त्यांचं स्वास्थ्य. माझ्या राजदीपचा त्यात 'र' झाला आहे. माझ्या बायकोची, संघमित्राची (घरात आपण तिला मित्रा म्हणतो), 'तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेली आई' झाली आहे. गावाचं नाव नाही. पण पुढच्याच ओळीत तू लिहितेस की हा मुलगा रोज संध्याकाळी बसस्थानकावर उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मोठ्यानं म्हणतो.

ताई, महागावात अशी मुलं किती आहेत? रसवंतीवाला त्याला 'कंट्रोलर साहेब' म्हणतो. तो "उमरखेड, पुसद, यवतमाळ" म्हणेपर्यंत काही कंडक्टर दार लावत नाहीत. तू नाव काढलंस आणि चेहरा ठेवलास. पुण्यात वाचणाऱ्याला तो कुणीही वाटेल. इथं तो एकच आहे. आणि 'राजदीप' हे नाव त्याच्या कानात तूच सांगितलं होतंस, आत्या म्हणून. तुझ्या नावातला दीप त्याला दिला होतास.

त्या ओळीनंतर अवतरणात मित्राचं वाक्य आहे. "कधी कधी वाटते, हा रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही, त सुटलो सारे."

हे ती तुला कधी बोलली, आठवतं? मागच्या हिवाळ्यात तू तांड्यांमधल्या मुलाखतींसाठी आमच्याकडे राहिलीस तेव्हा. तुझा रेकॉर्डर बैठकीत, पिशवीत होता. ती पोळ्या लाटत होती, तू भाजत होतीस. दुपारी राजदीपनं तिच्या दंडाला चावा घेतला होता, तू त्यावर हळद लावली होतीस. ती रडली, हे वाक्य बोलली, तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास. मी बैठकीतून ऐकत होतो. मनात म्हटलं, बरं आहे, हिला नणंद आहे. मग तू आमच्याबरोबर जेवलीस, आतल्या खोलीत गेलीस आणि ते लिहून ठेवलंस.

लेखाचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर फिरला. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, थोडे दिवस सुटी घ्या, पालक विचारतात." शेजारची रामीबाई रोज सकाळी कुंपणावरून विचारते, "उठला का वं राजदीप?" मायेनं विचारते, हेच वाईट. मित्रा आता त्याच्याजवळ एकटी बसत नाही. त्याची गोळी माझ्या हातात देते आणि म्हणते, "तुम्हीच द्या, माह्या हातून नको." मी कॉलेजातून यायच्या आत तो घरी आला, तर दार सताड उघडं टाकून अंगणात उभी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. स्वतःच्या पोराजवळ एकटं राहायची तिला भीती वाटते. हे तुझ्या स्वास्थ्याच्या कुठल्या रकान्यात बसतं ते मला कळव.

मला तुझं वाईट व्हायला हवं आहे. हे वाक्य आधी डायरीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, तेव्हाही खरं वाटलं, म्हणून इथं लिहितो.

तुझ्या अभ्यासाचा दुसरा टप्पा आता सुरू होईल. दिवाळी झाली की तांडे ऊसतोडीला निघतात, त्याआधी तुला माणसं गाठायची आहेत. मागच्या वेळी मी तुला नेलं होतं, मी शिकवलेल्या पोरांच्या घरी. या वेळी मी एकटाच जाणार आहे.

धम्मरत्न


महागाव, २१ सप्टेंबर २०२५

दीपाताई,

तुझे फोन आले, उचलले नाहीत. पत्राला पत्रानं उत्तर दे.

आज तांड्यावर जाऊन आलो. प्रेमसिंगकडे गेलो. तो तांड्याचा कारभारी, तुला माहीत आहेच. त्याची बायको हंसाबाई, म्हातारी आई सुखीबाई आणि लेक खुशी. खुशी आता बरीच उंच झाली आहे. बोलत अजून नाही. पाणी दिसलं की अजूनही तिकडंच धावते.

मी पुरवणी उघडली. म्हटलं, हे तुमच्याबद्दल आहे, वाचू का. हंसाबाई म्हणाली, "वाचा. काही सोडू नका."

तू लिहिलंस ते जसंच्या तसं वाचलं. उसाच्या फडात एक आई आपल्या ऑटिझम असलेल्या मुलीला दिवसभर बैलगाडीला बांधून ठेवते. पुढं 'शारीरिक बंधन', 'पर्यायांविषयी अज्ञान' वगैरे. मी एकही शब्द वाढवला नाही. येताना रस्त्यानं मनात पुन्हा तपासलं, खरंच नाही वाढवला. आवाज मात्र चढला असेल.

हंसाबाईनं खुशीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "अन् घुंगराचं?"

घुंगरांचं तू लिहिलं नाहीस. खुशीच्या कमरेचा तो लांब पट्टा, जुन्या घागऱ्याचा, त्यावर हंसाबाईनं शिवलेली घुंगरं. ती ऊस तोडते आणि कान पट्ट्याकडे ठेवते. घुंगरू वाजतं आहे तोवर कोयता चालतो. वाजायचं थांबलं की कोयता टाकून पळते. हे तू तिच्याच तोंडून ऐकलंस, पट्ट्याचा फोटो काढलास, "किती सुंदर" म्हणालीस. लेखात घुंगरं काढलीस आणि दोर ठेवलास.

प्रेमसिंग म्हणाला, "सर, तुमच्या बहिणीनं आमच्या इथं भाकर खाल्ली होती न. म्हने, भाभी, तुमच्या हाताले लई चव हाये."

"चवीचं लिहिलं का?" हंसाबाईनं विचारलं.

"नाही."

"मंग उपाशीच गेली म्हना."

सुखीबाई बाजेवरून उठून बसली. "बांधलं म्हने! तिले म्हना, तू येऊन धर माय. आमी सोडतो."

संध्याकाळी नायकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे, बैठक बसली. त्यांची एक रीत आहे. कुणी कुणाच्या पाठीमागं काही बोललं असेल, तर ते तांड्याच्या नसाबीत, म्हणजे न्यायाच्या बैठकीत, त्या माणसाच्या तोंडावर पुन्हा बोलायचं. मगच पुढचा निवाडा. नायकानं ठरवलं ते असं: मॅडमनं यावं, जे लिहिलं ते आम्हाला कळेल अशा बोलीत वाचावं. वाचलं तर बघू. नाही आली तर आमच्या आणि आजूबाजूच्या तांड्यांत तिच्याशी कुणी बोलणार नाही.

यात माझी एक अट मी जोडली आहे. 'र'चा आणि त्याच्या आईचा परिच्छेदही तू तिथंच वाचायचा. सगळ्यांसमोर. तुझ्या तोंडून.

एक गोष्ट लिहिली नाही तर रात्री झोप लागणार नाही. तुझ्या दुसऱ्या टप्प्याबरोबर महागावात दर आठवड्याला एक थेरपिस्ट येणार आहे. खुशीला आजवर या कामातल्या माणसानं एकदाही पाहिलेलं नाही. राजदीपलाही ती बाई हवीच आहे. तुझं काम मोडलं तर तीही येणार नाही. हे मी तांड्याला सांगितलं का? सांगितलं. पण सगळ्यात शेवटी, निवाडा झाल्यावर. आधी सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही ते मला ठाऊक आहे, तुलाही कळेल.

मित्राला यातलं काही माहीत नाही. तू कळवू नकोस.

धम्मरत्न


महागाव, २८ सप्टेंबर २०२५

दीपाताई,

मला उत्तर द्यायचं सोडून तू आईला फोन केलास. रडलीस म्हणे. आईनं मला खाटेशी बोलावून घेतलं. तिचे शब्द जसे होते तसे देतो, म्हणजे तुझ्याकडून आणखी कशात वापरले गेले तर निदान बरोबर तरी असतील.

"धम्मू, सोताच्या बहिणीले तांड्यापुढं उभी करतं काय रे?"

"तिनं मित्राला जगापुढं उभं केलं."

"कोणतं जग रे बापा! पेपर त दुसऱ्या दिवशी चिवडा बांधाले जाते. तूच त्याले रोज उकलून बसतं."

"आई, तिची बाजू घेऊ नको."

"मी कोनाचीच नाही घेत. दोघंही माह्येच हा. पन तिची नोकरी गेली न, त तुले पोटभर जेवण जाईन का, एवढं सांग."

मी म्हटलं, जाईल. हे खरं होतं की हट्टानं बोललो, अजून नक्की सांगता येत नाही.

मित्रा दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. तिनं विचारलं, "कोणता तांडा?"

मग सगळं सांगावं लागलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माह्यं ते वाक्य आता तांड्यात वाचाचं."

"तिच्या तोंडून. तुझ्या नाही."

"वाक्य कोणाचं हाये?"

"तुझं."

"मग मले इचारलं?"

"नाही."

"ताईनं न इचारता छापलं," मित्रा म्हणाली, "तुम्ही न इचारता वाचाले देऊन राह्यले. दोघं भाऊ-बहीण एकाच माळेचे मणी. मी कायले या घरात तोंड उघडतो, हेच समजत नाही मले."

ती आत गेली. मी डायरी काढली, तारीख टाकली आणि पुढं काही लिहिता आलं नाही. जो ठपका तुझ्यावर ठेवत होतो तो माझ्याच अंगावर येऊन बसला होता. तुझ्याकडे निदान संशोधनाचं निमित्त होतं. माझ्याकडे फक्त राग होता.

म्हणून माझी अट मी मागे घेतो. मित्राचा परिच्छेद वाचायचा नाही. ही माफी समजू नकोस. तांड्याची अट तांड्याची आहे, ती कायम आहे. माझ्या हातात असती तरी ती मी मागे घेतली नसती.

आणखी एक. तुझ्या संस्थेच्या नैतिकता समितीकडे मी तक्रार पाठवली आहे. घरात पाहुणी म्हणून राहून, न सांगता, घरातलं बोलणं अभ्यासात घेतलं, एवढीच. ते वाक्य त्यात नाही. पाठवायच्या आधी मसुदा मित्राला वाचायला दिला. तिनं दोन वाक्यं खोडली. दोन्ही मी तुला घातलेल्या शिव्या होत्या. बाकी राहू दे म्हणाली.

बैठक १२ ऑक्टोबरला, रविवारी आहे. फाट्यावर कुणी घ्यायला येणार नाही. रस्ता तुला माहीत आहे.

धम्मरत्न


महागाव, १९ ऑक्टोबर २०२५

दीपाताई,

तू गाडीत बसून निघून गेलीस त्याला आठवडा झाला. तुझ्यामागं काय झालं ते तुला कळायला हवं. आणि तुझ्यासमोर जे झालं तेही माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. तुझ्या बाजूनं तू लिहिलंच असशील.

तू आलीस, हे मान्य. येणार नाहीस अशी माझी खात्री होती. न येणाऱ्या माणसाचा राग करणं सोपं असतं, म्हणून इच्छाही तीच होती.

लिंबाखाली उभी राहून तू तुझ्या पुण्याच्या मराठीत सुरुवात केलीस. सुखीबाई ओरडली, "बाई, रेडिओ बंद कर अन् बोल." सगळे हसले. मग तू वऱ्हाडीवर आलीस. तुझ्या तोंडून 'मले' आणि 'तुले' ऐकून किती वर्षं झाली होती! 'अज्ञान'पाशी तू अडकलीस. त्याला इकडचा शब्द शोधत होतीस. प्रेमसिंगनंच मदत केली. "अडाणी म्हना न मॅडम, आमाले समजते." तुझी मान खाली गेली. ती पाहून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

हंसाबाईनं विचारलं, "मॅडम, माह्या खुशीले एक दिस धराल का तुमी? फडात?"

तू "हो" म्हणालीस. घाईनं.

"मंग चला. मुकादमाले सांगतो, एक कोयता वाढवा म्हनून."

तू घुंगरांबद्दल बोललीस, की संपादकांनी शब्द कमी करायला सांगितले होते. हंसाबाई म्हणाली, "मंग दोर कमी कराचा न."

तेवढ्यात मित्रा आली. मी तिला आणलं नव्हतं, हे तुला पटलं नसेल, पण ते खरं आहे. ती राजदीपला घेऊन एकटी घरून निघाली होती, बसनं. फाट्यावर उतरून दोघं चालत आली. लेख छापून आल्यापासून ती त्याच्याबरोबर एकटी कुठं गेली नव्हती. राजदीपनं तुला पाहिलं आणि म्हणाला, "पुणे. व्हाया नांदेड." तो तुला तेवढ्यानंच ओळखतो. तू हात पुढं केलास, तो लिंबाच्या पलीकडे गेला.

मित्रा म्हणाली, "ताई, माह्यं राह्यलं."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुला शब्द दिला होता की ते वाचायचं नाही. मी दुसरीकडे पाहिलं.

"वाचा न," मित्रा म्हणाली.

तुझ्या हातात कागद होता, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग तिनंच म्हटलं, न बघता, सगळं, शेवटच्या 'सुटलो सारे'पर्यंत. मग ती म्हणाली, "हे मी म्हटलं होतं. खोटं नाही. त्या दिवशी खरं होतं, कधी कधी अजूनही खरं असते. पन मी पोळ्या लाटताना नणंदेले म्हटलं होतं. मॅडमले नाही."

तू म्हणालीस, "मित्रा, मला माफ..."

"तेही लिहून ठेवा," ती म्हणाली.

मग तू गाडीत जाऊन बसलीस. आता पुढचं ऐक.

गाडी दिसेनाशी झाली तरी कुणी उठलं नाही. मित्रा उभीच होती. सुखीबाईनं तिला ओढून स्वतःशेजारी बसवलं आणि म्हणाली, "येवढंच न वं? म्या त किती खेपा म्हटलं असन. अन् माही त सारी धडधाकट होती!" आधी बायका हसल्या, मग प्रेमसिंग, ज्याच्याबद्दल ते बोललं गेलं होतं. मग मित्रा हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हे तू पाहिलं नाहीस. हे तुझ्या कुठल्याच लेखात येणार नाही, आणि त्याचं मला फार समाधान आहे.

निवाडा नायकानं दिला. "तपासणारी बाई येऊ द्या, लेकराईले पायजे. लिहाले दुसरं कोनी पाठवा. अन् जे लिहीन ते छापाच्या आधी इथं वाचाचं. दीपामॅडम नको."

परवा समितीचा मेल आला. प्रत्यक्ष कामातून तुला बाजूला केलं आहे, तुझ्या जागी तुझ्या सहकारी येतील, आमचा परिच्छेद लेखातून काढून टाकतील. मी मनात आनंद शोधला. होता. वाटला होता तेवढा मोठा नव्हता, पण होता, आणि तुझ्यापासून तो लपवत नाही. आईनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर: त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

यानं सगळं नीट झालं असं समजू नकोस. रामीबाई अजून कुंपणावरून विचारतेच. सुटी संपली की मित्रा शाळेत जाईल म्हणते, जाईल का माहीत नाही. गोळी कधी ती देते, कधी मी.

दिवाळीनंतर यवतमाळला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तिला तू हवी आहेस. ये. तिच्याजवळ झोप, तिला औषध घाल, राजदीप जवळ येऊ देईल तेवढं त्याच्याजवळ बस. फक्त स्वयंपाकघरात यायचं नाही. उंबऱ्याच्या अलीकडे राहायचं.

हे लिहून पेन खाली ठेवलं, ते दोन दिवस उचललं नाही. आपल्या आजीला गावातल्या मोठ्या घरांत चुलीकडे नजर टाकायचीही मुभा नव्हती. अंगणाच्या कडेला बसायची आणि वेगळ्या ठेवलेल्या कपात वरून ओतलेला चहा प्यायची. आपण दोघं हे ऐकत वाढलो. उंबरा दाखवून माणूस थांबवणारा आपल्या घरातला मी पहिला असेन. म्हणून मित्राला विचारलं, ही अट घालू का. ती पीठ चाळत होती.

"आजीनं काय केलं होतं?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग?" म्हणाली आणि चाळत राहिली.

आजीचा काही गुन्हा नव्हता. तुझा आहे. एवढ्या फरकावर मी ही अट ठेवतो आहे. तो पुरेसा आहे की नाही, हे मी पुढंही स्वतःला विचारत राहीन, पण अट राहील.

चहा तुला बैठकीत मिळेल. मी आणून देईन. कप घरातलाच असेल.

धम्मरत्न